इंग्रजी शब्दकोड्यातले पत्त्यांचे वाक्प्रचार: माझा अनुभव

मराठी शब्दकोड्यात जोडाक्षराला एकच घर. इंग्रजीत प्रत्येक अक्षराला वेगळं घर, आणि दोन शब्दांमधली मोकळी जागा गायब. ब्रिटिश कोड्यात निदान 6,4 असे प्रत्येक शब्दातल्या अक्षरांचे आकडे देतात. अमेरिकी कोड्यात तेही नाहीत, त्यामुळे दहा घरांत सलग बसलेलं ‘फॉलो सूट’ मुळात दोन शब्दांचं आहे हेच पटकन लक्षात येत नाही.

पत्त्यांशी संबंधित क्लू दिसला की मी वाक्प्रचार आठवत बसत नाही, आधी खेळ कुठला ते ठरवतो. बहुतेक वाक्प्रचार व्हिस्ट-ब्रिज या हात जिंकण्याच्या खेळांमधून तरी आलेले असतात, नाहीतर पोकर या पैजेच्या खेळातून. मेंढीकोट खेळलेल्यांना पहिला भाग फुकटात मिळतो. इस्पिकची उतारी झाली आणि हातात इस्पिक असेल तर तेच टाकायचं, हेच ‘फॉलो सूट’. व्यवहारात दुसऱ्याने केलं तसंच करणं. पान असून दुसरंच टाकलं तर? इथे सहा घरांची दोन उत्तरं आहेत, ‘रिनेग’ आणि ‘रिव्होक’. दोन्हींची सुरुवात आर-ई, शेवट ई. मी ही तीनच अक्षरं भरतो आणि तिसऱ्या घरातून जाणारा उभा शब्द सुटेपर्यंत थांबतो: एन आला तर पहिलं, व्ही आला तर दुसरं. घाईने पूर्ण शब्द लिहिला की तो सगळा कोपरा खोडावा लागतो.

पोकरसाठी तीन पत्ती उपयोगी पडते. बूट, म्हणजे डावाच्या सुरुवातीला सगळ्यांनी टाकायची रक्कम, ती ‘अँटी’ (ए-एन-टी-ई); पॅक, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडणं, ते ‘फोल्ड’. चार घरांत दोन स्वर असल्यामुळे कोडं रचणाऱ्यांचा हा ‘अँटी’ भलताच लाडका. क्लू भूतकाळात असेल तर शेवटी डी लागतो. ‘डाव वाढवणे’ अशा अर्थाचा क्लू असेल तर घरं मोजा: नऊ असतील तर ‘अप द अँटी’, बारा असतील तर ‘रेझ द अँटी’.

मराठी डोकं फसतं ते ‘एस इन द होल’पाशी. आपण त्याला हुकमाचा एक्का समजतो, पण स्टड पोकरमध्ये पालथं ठेवलेलं पान म्हणजे होल कार्ड, त्यामुळे यातला जोर लपवण्यावर आहे. क्लूमध्ये ‘गुप्त’ किंवा ‘राखीव’ अशी छटा असली तर हे, बारा घरं. नुसतं हमखास जिंकून देणारं अस्त्र असेल तर ‘ट्रम्प कार्ड’, नऊ घरं.

इंग्लंड-अमेरिकेतला फरकही नडतो. ‘पत्ते छातीशी धरून’, म्हणजे बेत गुप्त ठेवून, याचं अमेरिकी रूप ‘क्लोज टू द व्हेस्ट’, चौदा अक्षरं. ब्रिटिश ‘चेस्ट’ घेतलं की पंधरा, म्हणजे 15 बाय 15 च्या चौकटीतली अख्खी ओळ. त्याहून त्रासदायक म्हणजे ‘होण्याची शक्यता’ या अर्थाचं ब्रिटिश ‘ऑन द कार्ड्स’ आणि अमेरिकी ‘इन द कार्ड्स’. दोन्ही दहाच घरांचे, फरक फक्त पहिल्या अक्षरात. कोडं कुठल्या देशातलं आहे ते पाहून मी ओ किंवा आय भरतो, तेही पेन्सिलीने.

क्रिप्टिक कोड्यात, म्हणजे जिथे क्लू हाच शब्दांचा खेळ असतो तिथे, तर पत्त्यांचा पत्त्यांशी संबंधच नसतो. ‘हार्ट्स’ (बदाम) म्हणजे त्याचं आद्याक्षर, नुसता एच. त्यापुढे ‘ईट’ ठेवलं की ‘हीट’. ब्रिजमधल्या चार खेळाडूंना नॉर्थ, ईस्ट, साउथ, वेस्ट म्हणतात, म्हणून ‘ब्रिज प्लेयर’ दिसला तर एन, ई, एस, डब्ल्यू यांपैकी एक अक्षर. कुठलं, ते आडव्या-उभ्या शब्दांनाच विचारायचं.