फळ्यावरचा अर्धा मीटर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या पुळणीवर एक काळा फळा आहे. जीवरक्षकाने सकाळी साडेसातला त्यावर भरती-ओहोटीची वेळ, वारा आणि लाटेची उंची खडूने लिहायची. उरलेला दिवस शिट्टी वाजवायची आणि शिव्या खायच्या.

५ मे २०२४, रविवार. आदल्या दिवशीच मोबाइलवर इशारा आला होता. हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या केंद्राचा. शनिवारी सकाळी साडेअकरापासून रविवारी रात्री साडेअकरापर्यंत लाटा अर्धा ते दीड मीटर. खरं सांगतो, मला हसू आलं. पावसाळ्यात दोन पुरुष उंचीच्या लाटा बघणाऱ्याला अर्ध्या मीटरचं काय कौतुक? तरी आकडा जसाच्या तसा फळ्यावर उतरवला.

त्या दिवशी चैत्र वद्य द्वादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे नऊ. तीनपर्यंत ओहोटी. सकाळी मतलई होती, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, पाण्यावर सुरकुती नाही. बघणाऱ्याला वाटावं, तळंच आहे.

आमच्याकडचे एक म्हातारे तांडेलकाका जाळं विणत बसले होते. म्हणाले, "लाट कसली मोजतोस? मधला दम मोज."

मी घड्याळ लावलं. एरवी मे महिन्यात आमच्याकडे सहा-सात सेकंदांनी लाट येते. ती जवळच्याच वाऱ्याची, दिसायला उनाड, अंगात फारसं बळ नसलेली. त्या दिवशी दोन लाटांमध्ये सोळा-सतरा सेकंद जात होते. एवढा दम धरणारी लाट आपल्या वाऱ्याची नसते. ती हजारो किलोमीटर दक्षिणेकडच्या वादळातून निघालेली असते. खोल पाण्यात ती दिसतच नाही, उथळात आली की उभी राहते आणि पाण्याचा लोंढाच पुळणीवर लोटते. केरळात याला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोर समुद्र. वर वारा नाही, ढग नाही, म्हणून चोर.

आत आलेलं पाणी परत कुठून जातं हे घाटावरच्या पाहुण्यांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. आडव्या वाळूच्या दांड्यावर लाट फुटते. दांड्याला जिथे खिंड पडलेली असते तिथून पाणी बाहेर पळतं, आणि नेमकी तिथेच लाट फुटत नाही. पाणी जरा गढूळ, पण शांत दिसतं. लेकुरवाळी मंडळी बरोबर तीच जागा धरतात. "इकडे लाटाच नाहीत, दादा!"

मी तिथे लाल झेंडा रोवला होता. त्याला टेकून फोटो काढणं चालू होतं.

साडेबाराच्या सुमारास समुद्र दहा मिनिटं अगदी गप्प झाला आणि मग ओळीने पाच लाटा आल्या. पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत चढलं, चपला-पिशव्या उचलल्या आणि सगळं त्या खिंडीतून ओढत निघालं. त्यात एक बाप आणि त्याचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. मी ट्यूब घेऊन खिंडीतच उडी घेतली. ओढीविरुद्ध मारामारी नाही करायची, तिच्याबरोबर गेलं की ती फुकटात पोहोचवते. मुलगा हाताला लागला. बाप मला खाली दाबायला लागला, त्याला कोपराने ढकलून ट्यूबचा पट्टा धरायला लावला. मग किनाऱ्याला समांतर पोहत बाजूच्या दांड्यावर गेलो आणि लाटांनीच आम्हाला आत आणलं. जोडीदाराने दोर फेकला तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं. ट्यूबची शिवण उसवलेली होती, चिकटपट्टी मारून दोन हंगाम चालवली होती. त्यावर काही बोलत नाही.

बापाने आधी भरपूर ओकलं, मग पोराच्या पाठीवर हात फिरवला, मग माझ्यावर ओरडला. "तुमच्याच फळ्यावर अर्धा मीटर लिहिलंय! गुडघाभर पाणी म्हणून आम्ही गेलो ना!"

आमची माणसं हसली. मला हसू आलं नाही. लाल झेंडा त्याने पाहिलाच नव्हता हे खरं. पण फळा वाचला होता, आणि फळ्यावर माझं अक्षर होतं. दम मोजूनही मी तो आकडा पुसला नव्हता. पुसायचा विचार आला होता, एवढं आठवतं. तेवढ्यात कुणीतरी पार्किंग विचारायला आलं.

संध्याकाळी नोंदवही भरली. तारीख, भरती, वारा, लाटेची उंची, वाचवलेले: दोन. दोन लाटांमधल्या वेळेला रकानाच नाही. दुसऱ्या दिवशी कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीयचे पाच विद्यार्थी समुद्रात बुडाल्याची बातमी आली. मी ती दोनदा वाचली आणि जाऊन फळा ओल्या फडक्याने पुसला.

आता मी उंची लिहीत नाही. लोक विचारतातच, "आज लाट किती फुटांची?" मी म्हणतो, थांबा जरा, आणि घड्याळाकडे बघत पुढच्या लाटेची वाट बघतो. बहुतेक जण तोवर पाण्यात गेलेले असतात.