इस्बेलुंकोला

फ्रान्समधल्या प्वातियेत शिकायला येऊन वर्ष होत आलं, तरी ‘इपोजे दे द्यून’चं दार मला बंदच दिसत होतं. सातव्या-आठव्या शतकातलं हे जमिनीत खोदलेलं ख्रिस्ती दफनमंदिर. त्याच्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छोटी इमारत बांधून ते जपलंय. दगड आणि रंग नाजूक आहेत, त्यांना गर्दी सोसत नाही. तिकीट काढून आत जावं अशी सोय नाही. माझा पहिला अर्ज एका कचेरीत दोन महिने भलत्याच टेबलावर पडून राहिला. दुसऱ्या अर्जाला आमच्या बाईंनी पत्र जोडलं, तेव्हा अभ्यासकांच्या छोट्या गटात माझं नाव लागलं.

बाईंची अट एकच होती: दाराजवळचा लॅटिन शिलालेख आधी वाचता आला पाहिजे.

फोटो घेऊन बसले. ‘देवाच्या नावाने मी मेलेबाउदिस, अपराधी आणि येशू ख्रिस्ताचा सेवक, माझ्यासाठी ही...’ इथवर लागलं. पुढे ‘इस्बेलुंकोला’. तीन संध्याकाळी गेल्या, कुठल्याच लॅटिन कोशात हा शब्द मिळेना. बाई म्हणाल्या, “डोळ्यांनी नको, तोंडानं वाच.”

मोठ्यानं म्हटलं आणि आजी आठवली. ती शाळेला ‘इस्कूल’ म्हणायची, स्टोव्हला ‘इस्टो’. सुरुवातीचा ‘इ’ काढला, ‘ब’चा ‘प’ आणि ‘को’चा ‘कु’ केला, तर उरलं ‘स्पेलुंकुला’, म्हणजे छोटी गुहा! ‘स्क’, ‘स्प’ जड जातात म्हणून पुढे ‘इ’ लावायची सवय तिथल्याही लोकांना होती. लॅटिन ‘स्कोला’चं फ्रेंच ‘एकोल’ झालं ते याच वाटेनं. मेलेबाउदिस या मठाधिपतीनं आपल्या थडग्यावर लिहिलं ते बोलतात तसं. ही चूक कुणी दुरुस्त केली नाही, याचा मला आजही आनंद होतो.

कामिय द ला क्र्वा या जेझुइट पाद्रीनं 1878 साली हे दफनमंदिर उकरून काढलं. त्याला ते हुतात्म्यांचं स्थान वाटलं, 1883 च्या त्याच्या ग्रंथातही त्यानं तसंच मांडलं. आता ते मेलेबाउदिसचं दफनस्थान मानतात.

माझी पाळी आली. पायऱ्या उतरताना नजर पायाशीच खिळली: एका पायरीवर एकमेकांत गुंफलेले साप, वेणी घालावी तसे. आत दगडात, येशूसोबत शिक्षा झालेले, क्रूसाला बांधलेले दोन चोर आहेत. कोरणाऱ्याचा हात साधा, पण त्यांचे बांधलेले देह बघवत नव्हते.

मग दाराजवळचा दगड. हात लावायचा नव्हता. शेवटी शाप आहे, हे काम मोडेल त्याला. मी मात्र वरच्या ओळीवरच थांबले. बाईंनी मान हलवली, तशी त्या गारठ्यात मोठ्यानं वाचलं: “इस्बेलुंकोला इस्ता, उबी याकित इंदिग्ने सेपुल्तुरा मेआ.” ही छोटी गुहा, जिथे माझं अपात्राचं दफन आहे.