बोरामणीच्या माळावरचा दगडी चक्रव्यूह

सोलापूरला जाणारा माणूस सिद्धेश्वराचं दर्शन घेतो, चादरी बघतो, शेंगाचटणी बांधून घेतो आणि परतीची गाडी पकडतो. जमिनीवर मांडलेले दगड बघायला म्हणून तिथं कुणी जात नाही. मी गेलो, आणि त्याच्या मुळाशी आहे एक ऑस्ट्रेलियन शिल्पकार.

अँड्र्यू रॉजर्स हा मेलबर्नचा. त्यानं 1998 च्या सुमारास इस्रायलच्या अरावा वाळवंटात जमिनीवरच दगड रचून प्रचंड आकृत्या करायला घेतल्या, आणि मग तो थांबलाच नाही. बोलिव्हियात चार हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर, चीनच्या गोबी वाळवंटात, नेपाळ, आइसलँड, केनिया, तुर्कस्तानातलं कॅपाडोशिया. सातही खंडांत मिळून 51 शिल्पं, 16 देश, आणि दगड वाहायला-रचायला सात हजारांवर माणसं. आकृती कोणती करायची हे तो बऱ्याचदा तिथल्या लोकांशी बोलून ठरवतो. केनियात मसाई लोकांची ढाल केली ती तशीच. या आकृत्या इतक्या मोठ्या, की उपग्रहातून त्यांचे फोटो काढलेत. त्याच्या शिल्पांचे फोटो मी बरेच दिवस अधाशासारखे बघत होतो. बघायला जायचं म्हटलं तर खिसा परवानगी देत नव्हता.

तेवढ्यात 2025 च्या अखेरीस बातमी आली, की सोलापूरजवळ बोरामणीच्या गवताळ माळावर दगडांचा गोल चक्रव्यूह सापडलाय. एकात एक 15 वेढे, पन्नास फुटांच्या आसपास व्यास, अंदाजे दोन हजार वर्षं जुना. गोल आकारात आपल्या देशात आजवर नोंदलेला हा सगळ्यात मोठा. बोरामणी म्हणजे माझ्या मामाच्या घरापासून मोटारसायकलीवर तासाभराच्या आत!

गेलो तेव्हा गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, चालू होती. लॉज भरलेले, रस्त्यांवर नंदीध्वजांची मिरवणूक, आणि घरात पाहुण्यांची रीघ. मामेभावाला बेत सांगितला तर म्हणाला, "काय बे, यात्रा सोडून दगडं बघायला चाललास व्हय?" पण सकाळी सहाला गाडी काढून दारात तोच उभा. त्याला पक्ष्यांचा नाद आहे, माळ त्याच्या पायाखालचा.

हैदराबाद रस्त्यावरून आत वळलं, की दोन-चार मिनिटांत झाडं संपतात. जानेवारीतलं गवत वाळून पिवळं पडलेलं, खाली मुरूम, मधूनच काळा दगड वर आलेला. कुसळं पायमोज्यांतून थेट घोट्याला टोचतात. बूट घालून गेलात तरी सुटका नाही. "काहीच नाही रे इथं," मी बोलून गेलो. भाऊ थांबला. "तुमच्याकडं डोंगर हायत, म्हणून तुम्हाला हे मोकळं वाटतंय. खाली बघ की." बघतो तर वीस-पंचवीस पावलांवर धाविक पक्ष्यांची जोडी. मातीच्याच रंगाची, पळाली तेव्हा कुठं दिसली. पुढं काळविटांचा कळप. लांडगाही इथं आहे, आम्हाला फक्त त्याची विष्ठा दिसली. माळढोकाचं विचारू नका. शेजारच्या नान्नजला 1979 पासून त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, आणि आता तो दिसला तर पेपरात बातमी येते.

हा चक्रव्यूह पहिल्यांदा नजरेस पडला तोही माळावर प्राण्या-पक्ष्यांच्या नोंदी ठेवत हिंडणाऱ्या सोलापूरच्या निसर्गप्रेमींच्या. मग डेक्कन कॉलेजचे सचिन पाटील आणि इतर अभ्यासकांनी त्याची पाहणी केली.

लांबून काही म्हणजे काही दिसत नाही. अगदी काठाशी आल्यावर गवताच्या बुडख्यांतून एक ओळ दिसते, मग तिच्या आत दुसरी, आणि एकदम सगळं चाक डोळ्यांत भरतं. दगड किती लहान! बरेचसे एका हातात उचलता येतील असे, अर्धे मातीत रुतलेले, वरून दगडफुलाचे पांढुरके ठिपके. दोन ओळींमधली वाट एक पाऊल मावेल एवढीच. आम्ही आत गेलो नाही. काठावर उकिडवे बसून नुसत्या नजरेनं वाट धरली. ही भूलभुलैया नव्हे, हिला फाटे नाहीत. एकच वाट वळत, उलटी फिरत, पार मध्याशी जाते. चुकायला जागाच नाही, तरी माझी नजर चौथ्या-पाचव्या वळणावर घसरायचीच.

मी तिथंच मनाशी हिशेब केला. पन्नास फुटी वर्तुळ, पंधरा वेढे, म्हणजे सगळ्या ओळी मिळून बाराशे फुटांच्या आसपास. दगड जागेवरचेच. चार-सहा माणसांनी मनावर घेतलं तर काही दिवसांचं काम. रॉजर्सला क्रेन लागतात, परवाने लागतात, शेकड्यांनी मजूर लागतात. इथं राजाही लागला नसेल, कुणी मेंढपाळ किंवा तांड्याबरोबर मुक्कामाला थांबलेली माणसंही पुरली असती. हा माझा तर्क, अभ्यासकांचा नव्हे.

त्यांचं म्हणणं व्यापाराच्या वाटेशी जुळतं. अशीच आकृती भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटाच्या जुन्या नाण्यांवर आहे. आणि सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार करणारं तगर, म्हणजे आजचं तेर, इथून फार लांब नाही. तिथल्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू बघायला मिळतात. सांगली, सातारा, कोल्हापूर भागातही असे लहान चक्रव्यूह सापडलेत, त्यामुळे किनाऱ्यावरून आत येणाऱ्या वाटेवरच्या या खुणा असाव्यात, असा अंदाज. मला तो पटतो. वयाच्या आकड्याबद्दल मात्र मी जरा सबुरीनं घेईन. दगड कोट्यवधी वर्षांचा असतो, तो तिथं कधी मांडला हे तो सांगत नाही. त्यासाठी खालची माती तपासावी लागते.

घरी मामीला फोटो दाखवला, तर तिला अजिबात नवल वाटलं नाही. "हा तर बाळंतिणीचा चक्रव्यूह," म्हणाली. अडलेल्या बाईला ताटात असा चक्रव्यूह काढून दाखवायचे आणि धुऊन ते पाणी पाजायचे, हे तिनं तिच्या आजीकडून ऐकलेलं. हळेबीडच्या देवळात अभिमन्यूच्या शिल्पात हीच वळणं कोरली आहेत. एकच आकृती नाण्यावर, देवळावर, ताटात आणि माळावर. रॉजर्स पुढच्या वेळी इकडं आलाच, तर आकृती कोणती करावी याची चर्चा मामीबरोबर करावी.

आता तक्रार. आम्ही पोचायच्या आदल्या दिवशीच बहुतेक, कुणीतरी मोटारसायकल पार जवळून फिरवलेली होती. चाकोरी ओळीपासून हातभर अंतरावर. या दगडांना ना चुना ना सिमेंट, एक लाथ बसली की वेढा तुटला. आणि हे दोन हजार वर्षं टिकलं कसं, तर जमीन नांगराखाली आली नाही म्हणून. सरकारी कागदावर जिला पडीक म्हणतात तीच ही जमीन. म्हणून मी ठिकाणाचा नकाशा इथं देत नाहीये, कमेंटमध्ये मागू नका. जायचंच असेल तर आधी वनखात्याकडं चौकशी करा, माहितगार माणूस सोबत घ्या आणि ड्रोन घरी ठेवा, पक्षी बिथरतात.

सकाळी लवकर निघालात तर दहापर्यंत मोकळे होता. आम्ही हायवेवर चहा-भजी खाऊन तसेच हत्तरसंग-कुडलला गेलो, भीमा-सीनेच्या संगमावर. शके 940 चा मराठी शिलालेख आणि 359 मुखांचं शिवलिंग तिथं आहे. त्याच्यावर वेगळं लिहितो, ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.