गरीब, पण अंड्याला बरी

परसात कोंबड्या पाळायच्या ठरलं, तेव्हा मी आधी एक वही केली. चार रकाने आखले: जात, वर्षाची अंडी, स्वभाव, शेरा. पहिले दोन रकाने भराभर भरले. तिसऱ्यात मात्र ज्याला विचारावं तो एकच शब्द सांगायचा, 'गरीब'. ही गरीब, तीही गरीब, अमकी तर अगदीच गरीब. आपल्याला जिचा काही त्रास होणार नाही ती गरीब, असा या शब्दाचा साधा हिशेब असतो. हातात घेतली तर फडफडायचं नाही, टोचायचं नाही, कुंपणावरून उडायचं नाही, ओरडून शेजार उठवायचा नाही. आणि हे सगळं न करता रोज एक अंडं घालायचं.

रोज एक हे तिच्या शरीरालाच जमणारं नाही, हे मला वही निम्मी भरल्यावर कळलं. एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले साधारण 20 तास नुसत्या कवचात जातात. त्यामुळे आज सकाळी आठला घातलेलं अंडं उद्या नऊच्या पुढे, परवा आणखी उशिरा, असं सरकत सरकत दुपारवर येतं आणि मग एक दिवस खाडा पडतो. वर त्या कवचासाठी दर वेळी दोनेक ग्रॅम कॅल्शियम लागतं. कवच रात्रीच जास्त चढतं, तेव्हा पोटात खाणं नसतं. मग बाई स्वतःच्या हाडांतून उचल करते. शिंपल्यांचा चुरा समोर ठेवायचा तो ही उचल फेडायला. तिची रानातली पूर्वज वर्षाला दहा-पंधरा अंडी घालून मोकळी होत असे. आपल्या वहीतल्या 250च्या आकड्यामागे किती पिढ्यांची निवड आहे, हे त्या दहा-पंधराशेजारी ठेवलं की समजतं.

अंड्यांच्या रकान्यात लेगहॉर्न सगळ्यांच्या वर होती. अंगाने हलकी, खायला कमी, वर्षाला 280च्या आसपास पांढरीशुभ्र अंडी. पण तिच्याकडे नुसतं रोखून पाहिलं तरी ती छपरावर. वाईट नाही ती, भित्री आहे. मला संध्याकाळी खुराड्याचं दार लावायचं होतं, झाडावर चढून कोंबड्या उतरवायच्या नव्हत्या. तिला काट मारली.

दुसऱ्या टोकाला सिल्की. लोकरीसारखी पिसं, पायाला पाच बोटं, पिसांखाली काळी कातडी, आणि मांडीवर घेतली तर तिथेच डुलकी. अंडी मात्र शंभरच्या आगेमागे आणि तीही मध्येच खुडूक होऊन, म्हणजे उबवायला बसून, बंद. (कानाची पाळी पांढरी तर अंडं पांढरं, पाळी लाल तर अंडं तपकिरी, असा एक ठोकताळा बऱ्याच जातींना लागू पडतो. सिल्कीला तो विचारू नये. तिच्या पाळ्या निळसर असतात आणि अंडी फिकट मलईच्या रंगाची.) शिवाय डोक्यावरच्या झुपक्यामुळे तिला बाजूचं धड दिसत नाही. अशा कोंबडीला दांडग्या जातीबरोबर ठेवलं की तिचे हाल होतात. इथे पहिल्यांदा लक्षात आलं की मी रकाना आखला होता तो माझ्यापुरता. कोंबडी माझ्याशी गरीब आहे की नाही हे त्यात लिहिलं होतं. ती दुसऱ्या कोंबडीशी कशी आहे, हे विचारायला मी विसरले होते. आणि माझी-तिची गाठ दिवसातून दहा मिनिटं, त्यांची एकमेकींशी चोवीस तास.

अशी वही माझ्याआधी एका मुलानेही केली होती, पण त्याची वही माझ्याहून शहाणी होती. नॉर्वेतला थॉर्लीफ श्येल्डरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा आणि कोण कोणाला टोचतं ते लिहून ठेवायचा. मोठेपणी, 1920च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याने त्यावरच प्रबंध लिहिला. टोचण्याची ठरलेली उतरंड ही कल्पना तिथून आली. पहिली दुसरीला टोचणार, दुसरी तिसरीला, आणि सगळ्यात शेवटचीला टोचायला कोणीच उरत नाही. उतरंड एकदा लागली की खुराड्यात शांतता असते. नवी कोंबडी आणून सोडली की सगळी भांडी खाली पडतात.

याहून मला हलवलं ते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या विल्यम म्यूर यांच्या प्रयोगाने. सगळ्यात जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी निवडायची आणि तिचीच पैदास वाढवायची, ही सरळ रीत. पण ती एकेकटीला पाहूनच निवडायची, तर शेजारणीला टोचून जिने आपली अंडी वाढवली तीही निवडली जाते. म्यूर यांनी एका बापाच्या लेकी एका पिंजऱ्यात ठेवल्या, चोची छाटल्या नाहीत, आणि निवडलं तर अख्ख्या कुटुंबाला, टाकलं तर अख्ख्या कुटुंबाला. 1996 साली छापलेले आकडे असे: दुसऱ्या पिढीत वर्षभरात 68 टक्के कोंबड्या मेल्या होत्या, चौथ्या पिढीत 8.8 टक्के. आणि पिंजऱ्यात घातलेल्या दर कोंबडीमागे वर्षाची अंडी 91 वरून 237 वर गेली. मी समजत होते की गरीब स्वभाव हवा तर अंडी थोडी सोडावी लागतील. इथे एकमेकींना जगू दिल्यामुळेच अंडी वाढली होती.

वहीत मग एकच जात न लिहिता मेळ लिहिला. सगळ्या साधारण एका वजनाच्या, एका वयाच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि एकदमच आणायच्या. दोन ऑस्ट्रेलॉर्प, एक बफ ऑर्पिंग्टन, आणि घरातल्यांच्या हट्टाखातर एक ऱ्होड आयलंड रेड. ऑस्ट्रेलॉर्पबद्दल माझं मत सांगून टाकते: पहिल्यांदा पाळणाऱ्याने डोळे मिटून तीच घ्यावी. काळी कुळकुळीत, उन्हात आली की पिसांवर भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी झाक. चालणं संथ, आवाज बेताचा. 1922-23 मध्ये ऑस्ट्रेलियात या जातीच्या सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत मिळून 1857 अंडी घातली होती. म्हणजे एकेकीची 309 हून जास्त. परसातली ऑस्ट्रेलॉर्प तेवढी घालत नाही, अडीचशे घातली तरी मी खूश.

गंमत म्हणजे ऑस्ट्रेलॉर्प आणि ऑर्पिंग्टन एकाच घराण्यातल्या. इंग्लंडमधून काळ्या ऑर्पिंग्टन ऑस्ट्रेलियात गेल्या, तिथल्या लोकांनी त्यांना अंड्यांवर पारखलं आणि त्यांची ऑस्ट्रेलॉर्प झाली. मागे राहिलेल्या ऑर्पिंग्टनला प्रदर्शनांचा नाद लागला. तिची पिसं फुगत गेली, अंडी घटत गेली. आता ती एखाद्या भरल्या उशीसारखी दिसते आणि उशीसारखीच वागते.

तलंगा पाचेक महिन्यांच्या झाल्या तेव्हाची गोष्ट. एक काळी माझा हात जवळ आला की जागीच दबून बसायला लागली. पाय दुमडलेले, पाठ सपाट, पंख अंगापासून थोडे सुटलेले. मी पाठीवरून हात फिरवला की उठायची, पिसं झाडायची आणि चालू लागायची. मला भरून आलं. कोंबड्यांत आयुष्य गेलेल्या एका काकूंना मी कौतुकाने दाखवायला नेलं, "काकू, बघा ना, किती लळा लागलाय हिला!"

काकूंनी वाकून पाहिलं. "लळा कसला गं! कोंबडा समजतेय ती तुला. आठ दिवसांत अंड्यावर येईल, खोक्यात पेंढा घाल."

सहाव्या दिवशी पेंढ्यात अंडं होतं, लिंबाहून थोडंच मोठं.

ऱ्होड आयलंड रेड अपेक्षेप्रमाणे पहिल्या आठवड्यातच मुख्य झाली. भांड्यावर आधी ती, दांडीवर मधली जागा तिची. पण खाडा कमी, आणि उन्हापावसाची कुरकुर नाही. तिच्या 'स्वभाव' रकान्यात मी पेन्सिलीने 'कडक' लिहिलंय. पेनाने लिहायचा धीर होत नाही.

ऑर्पिंग्टन मात्र या महिन्यात खुडूक झाली. आमच्याकडे कोंबडा नाही, तेव्हा तिच्याखाली काहीही ठेवलं तरी त्यातून काही निघणार नाही. अंडी घालायला कोंबडा लागत नाही, उबवून पिल्लू काढायला लागतो, हे तिला कोण सांगणार? ती रिकाम्या पेंढ्यावर पसरून बसते, जणू 21 दिवसांचा करार झालाय. पोटाखाली हात घातला की तिथली पिसं गेलेली उघडी, तापलेली कातडी लागते. आपल्या गरीब कोंबडीच्या घशातून तेव्हा असा घुर्र आवाज निघतो की मी दोन वेळा हात मागे घेतला.

काकूंनी सांगितलंय, दिवसातून दोन-तीनदा उचलून बाहेर ठेव, खालून वारं लागेल अशा जाळीवर बसव, पोट थंड झालं की सोडेल नाद. आज सकाळी तिला उचलून पाण्यापाशी ठेवली. दोन क्षण पुतळ्यासारखी उभी राहिली, मग घाईघाईने पाणी प्यायली, चार दाणे टिपले, मातीत जेमतेम अंग घुसळलं आणि फुगलेल्या पिसांनिशी धावत परत निघाली. तेवढ्यात तिच्या खोक्यात ऱ्होड आयलंड रेड शिरली होती. ऑर्पिंग्टन दाराशी थांबली. आत जायची छाती नव्हती आणि निघून जायची तयारी नव्हती. वीस मिनिटं ती तिथेच उभी होती, मीही. शेवटी लाल बाई ओरडत, मिरवत बाहेर पडली, आणि ही आत घुसून ते गरम तपकिरी अंडं चोचीने सरकवत पोटाखाली घेऊन बसली.

ते काढताना तिने माझं बोट चांगलंच टोचलं. वहीत आजच्या तारखेपुढे तीन लिहिलं.