मनाली–लेह सायकलने: गॉगल हार्डवेअरच्या दुकानातून घ्या, मनालीतून नको

मनाली–लेहला माउंटन बाइक घेऊन निघालात की टायर, गिअर आणि सीट यांवर सल्ला देणारे शंभर जण भेटतात. डोळ्यांवर काय घालायचं विचारलं की सगळे एकच सांगतात, "ऊन फार असतं, एक चांगला गॉगल घे." हा सल्ला अर्धवट आहे आणि म्हणूनच घातक आहे. या रस्त्यावर ऊन आहेच, पण त्याच्या जोडीला ट्रकच्या चाकाखालून उडणारी खडी आहे आणि तासन् तास डोळ्यांत जाणारी धूळ आहे. मनालीच्या बाजारात "चांगला गॉगल" म्हणून जे गळ्यात मारलं जातं, ते यातल्या कशालाच पुरत नाही. माझ्या मावसभावाचा डोळा थोडक्यात वाचला, आणि त्या गॉगलसाठी त्याने २२०० रुपये मोजले होते. माझ्या डोळ्यांवर पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेले दोन सेफ्टी गॉगल होते, एक क्लिअर आणि एक काळा. दोन्ही मिळून साडेचारशेच्या आत. त्यांना ओरखडे पडले, पण तडा गेला नाही.

मावसभावाचा जुना गॉगल दिल्लीहून येणाऱ्या बसमध्ये बॅगेखाली मोडला होता, म्हणून मनालीत शोधाशोध झाली. दुकानदाराने एक कार्ड काढलं. नुसतं पाहिलं तर कार्ड कोरं, गॉगलमधून पाहिलं की त्यावर मासा दिसतो. मग त्याने पेनासारखी निळी बत्ती काढली, तिचा उजेड काचेवर मारला आणि तो पलीकडे जात नाही हे दाखवलं. "पोलराइज्ड आहे, यूव्ही ४०० आहे, फुटत नाही, सगळे रायडर हाच नेतात." खोक्यावर छापील किंमत नव्हती. घासाघीस करून २२०० ला सौदा झाला.

हे दोन्ही खेळ नीट समजून घ्या, कारण ते फक्त मनालीत नाही, पुण्यामुंबईतही चालतात. माशाचं कार्ड एवढंच सांगतं की काच पोलराइज्ड आहे, म्हणजे पाण्यावरून किंवा गाडीच्या बॉनेटवरून परावर्तित होणारी चकाकी ती कापते. काच किती मजबूत आहे आणि अतिनील (यूव्ही) किरण अडवते की नाही, याचा त्या माशाशी काडीचा संबंध नाही. पेनातला जांभळा-निळा उजेड बहुतांशी डोळ्यांना दिसणारा असतो. अतिनील किरण ४०० नॅनोमीटरच्या खाली असतात आणि ते दिसत नाहीत. तो उजेड अडला म्हणजे डोळे सुरक्षित, हे सिद्ध होत नाही.

मनाली ते जिस्पा यावर लिहिण्यासारखं फार नाही. रोहतांगचा चढ दमवतो, पुढे भागा नदीची सोबत आहे, केलाँगला पोटभर जेवण मिळतं. बारालाचा ला ४८९० मीटरवर आहे (इकडे 'ला' म्हणजे खिंड). तिथे रस्त्याच्या कडेला बर्फ असेल तर काळी काच काढू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला या किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. सरचूपर्यंत सगळे खुशीत होतो.

खरा रस्ता सरचूनंतर सुरू होतो. गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकी ला, उतरून व्हिस्की नाला, पुन्हा चढून लाचुंग ला, आणि तिथून कांगला जलच्या घळीतून पांगपर्यंतचा उतार. या शेवटच्या वीस-बावीस किलोमीटरबद्दल मला कुणीही नीट सांगितलं नव्हतं. "आता सगळं डांबरी झालंय" हे वाक्य मी पुण्यात आणि मनालीत किती वेळा ऐकलं असेल! आम्ही गेलो तेव्हा त्या घळीत डांबर नव्हतं. घोट्यापर्यंत भुकटी, त्याखाली सुटी खडी, आणि समोरून ट्रकांचा ताफा. पहिला ट्रक गेला की दुसरा दिसत नाही, नुसता आवाज येतो. पांगला पोहोचलो तेव्हा माझ्या दातांत करकर होत होती आणि भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. संपूर्ण मनाली–लेहमध्ये मला हा तुकडा सर्वात वाईट वाटला. दोन खिंडी चढून थकलेले असताना तो येतो, हे आणखी वाईट. जमत असेल तर व्हिस्की नाल्याला मुक्काम करा आणि घळ सकाळी उतरा. मी पुन्हा गेलो तर सरचू–पांग एका दमात करणार नाही.

मावसभाऊ मागे होता. लाचुंग ला उतरताना ट्रकच्या चाकाखालचा खडा थेट त्याच्या उजव्या काचेवर बसला. खालच्या कडेपासून वरपर्यंत तडा गेला आणि नाकाजवळचा त्रिकोणी तुकडा निखळून गालावर रुतला. डोळ्यापासून पाव इंचावर. तो गॉगल मी नंतर हातात घेऊन पाहिला. तुटलेल्या कडेला काचेचे थर सुटलेले स्पष्ट दिसत होते: मधे पोलराइज्ड फिल्म, दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिक. नखाने ओढलं तर पापुद्रा निघत होता. "फुटत नाही" म्हणून विकलेली वस्तू ही!

उरलेला उतार तो उघड्या, बारीक केलेल्या डोळ्यांनी उतरला. रात्री पांगच्या तंबूत त्याला डोळे उघडवेनात. पाण्याच्या धारा लागलेल्या, कंदिलाचा उजेड सहन होत नव्हता, आणि सारखं एकच म्हणणं, "डोळ्यांत वाळू आहे, काढ." धूळ, वारा आणि ऊन यांनी मिळून हे केलं होतं. अतिनील किरणांनी बुबुळाचा पृष्ठभाग भाजला की त्रास लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होतो. त्यामुळे दुपारी ठीक वाटलेला माणूस रात्री तळमळतो. पांगला लष्कराचा तळ आहे. तिथल्या जवानांनी त्याचे डोळे स्वच्छ पाण्याने धुवून दिले आणि चोळायचं नाही म्हणून दम भरला. तुमच्यावर अशी वेळ आली तर अंधारात पडून राहा, गार पट्ट्या ठेवा, कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. कॉन्टॅक्ट लेन्स घातली असेल तर लगेच काढा. डोळा बधिर करणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने अजिबात घालू नका. नुसतं भाजणं असेल तर दुखणं एक-दोन दिवसांत ओसरतं. ओसरलं नाही, किंवा अंधुक दिसायला लागलं, तर सायकल गाडीत टाका आणि लेहच्या रुग्णालयात जा.

आता खरेदी. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, इतर शहरांत एमआयडीसीजवळची सेफ्टीच्या सामानाची दुकानं. तिथे "वेल्डिंगचा नको, पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल दाखवा, क्लिअर आणि स्मोक" असं सांगा. स्मोक म्हणजे काळा. शंभर ते तीनशे रुपयांत कामाचा चष्मा मिळतो. थ्रीएम, करम, उद्योगी अशा कंपन्यांचा माल तिथे असतो. पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक हेल्मेटच्या बाहेरच्या कवचातही वापरतात. ते वाकतं, दबतं, पण सहसा तुकडे होऊन उडत नाही. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: क्लिअर पॉलिकार्बोनेटही जवळपास सगळे अतिनील किरण अडवतं. काचेचा काळेपणा आणि अतिनील संरक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, संरक्षण नसलेली काळी काच उघड्या डोळ्यांपेक्षाही वाईट ठरू शकते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जाऊ शकतात.

दुकानदाराचं बोलणं ऐकू नका, काचेवर आणि दांडीवर कोरलेली अक्षरं वाचा. अमेरिकी मानकाचा "झेड ८७+" असेल तर तो चष्मा पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने मारून तपासलेला प्रकार असतो. यातलं अधिकचं चिन्ह महत्त्वाचं आहे, नुसतं "झेड ८७" घेऊ नका. "यू ६" दिसलं तर अतिनील संरक्षण त्या मानकातलं सर्वात वरचं. युरोपीय मानक "ईएन १६६" असेल तर शेजारी "एफ" अक्षर शोधा, ती चाचणीही ४५ मीटर वेगाचीच. काळ्या काचेवर "५-३.१" असं काही असेल तर ती उन्हासाठीची गडद काच. भारतीय मानक आयएस ५९८३ आहे. आता हिशेब करा: समोरून ४० च्या वेगाने ट्रक, तुम्ही उतारावर ३० ने. एकमेकांकडे येण्याचा वेग तासाला ७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १९-२० मीटर. खडा गोळीपेक्षा मोठा असू शकतो, त्यामुळे चाचणी म्हणजे चिलखत नव्हे. पण बाजारातल्या फॅशनच्या गॉगलची अशी कसलीही परीक्षा झालेली नसते.

अतिनील संरक्षण घरीच तपासायचं असेल तर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च आणि पाचशेची नोट घ्या. अंधारात टॉर्च मारली की नोटेतले तंतू चमकतात. मधे काच धरा. चमक गेली तर काच काम करते. ३९५ ची स्वस्त टॉर्च या कामाला नको, तिच्यावरून काही नक्की कळत नाही.

फिटिंग दुकानातच, हेल्मेट घालून बघा. कडेने आणि खालून बोट सहज आत जात असेल तर धूळही जाणार. पापण्या काचेला लागत असतील तर घेऊ नका, घामाने काच दर किलोमीटरला बरबटते. चेहऱ्याला वळसा घेणारी काच घ्या, नाकाला रबर असलेली. फोमची कड लावलेले बंद गॉगल धुळीत उत्तम, पण गाटा लूप्सच्या चढावर पाच मिनिटांत आतून पांढरे होतात. मी ते नेणार नाही. ज्यांना नेहमी धुळीची ॲलर्जी होते त्यांनी फक्त कांगला जलच्या उतारासाठी न्यावेत.

वाफेचं मुख्य कारण बफ, म्हणजे गळ्यात घालून नाकावर ओढायची कापडी नळी. धुळीसाठी नाकावर बफ ओढला की श्वास वर काचेत जातो. चढावर बफ हनुवटीखाली आणि चष्मा नाकावर किंचित पुढे, उतारावर दोन्ही जागच्या जागी. सकाळी काचेच्या आतून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या मऊ कापडाने पुसला तर बराच वेळ वाफ धरत नाही. ज्या काचेला कंपनीचा वाफरोधक थर आहे तिला साबण लावू नका.

पॉलिकार्बोनेटला ओरखडे लवकर पडतात, हा त्याचा मोठा दोष. धुळीची काच टी-शर्टने कोरडी पुसली की ती संपली. आधी बाटलीतलं पाणी ओता, मग पुसा. डासांच्या मलमाचे हात, पेट्रोल, थिनर यांपासून लांब ठेवा, काच धुरकट होते. मी क्लिअर चष्मा हँडलबारच्या पिशवीत मोज्यात गुंडाळून ठेवला होता, गरज पडली तेव्हा चालत्या रस्त्यावर काढता आला. पांगहून पुढे तोच मावसभावाच्या डोळ्यांवर होता.

नंबरवाल्यांसाठी वेगळं. नेहमीच्या दुकानातली साधी प्लास्टिक काच खड्याला टिकेल असं समजू नका, पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स (तसंच दुसरं मजबूत प्लास्टिक) मागून घ्या. नाहीतर नंबरच्या चष्म्यावर चढवायचा मोठा सेफ्टी गॉगल मिळतो. दिसायला अवजड, पण काम चोख. कॉन्टॅक्ट लेन्स या रस्त्यावर माझ्या मते नकोच. हवा कोरडी, धूळ बारीक, हात धुवायला पाणी नाही. फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप काळी होणारी काच महाग पडते आणि थंडीत परत उजळायला वेळ घेते. ढगाखाली, सावलीच्या घळीत खड्डे दिसत नाहीत. या पैशांत चार सेफ्टी गॉगल येतात. पोलराइज्डही नको: ओल्या रस्त्याची आणि बर्फाच्या पापुद्र्याची चकाकी हीच आपल्याला सावध करते, ती तो पुसून टाकतो.

पांगनंतर मोरे मैदान. चाळीसेक किलोमीटर सपाट, समुद्रसपाटीपासून ४७०० मीटरच्या आसपास, दुपारी समोरून वारा. तिथे काळी काच आणि टोपीची झापड पुरते. टांगलांग लाच्या ५३२८ मीटरवर पोहोचलो तेव्हा मी ओरडलो, मावसभाऊ रडला, आणि रुमत्सेपर्यंतचा डांबरी उतार हा माझ्या आयुष्यातला सर्वात सुंदर उतार होता. तिथे वेग ५०-६० सहज जातो. एक चिलट उघड्या डोळ्यात गेलं तर ब्रेकवरचा हात सुटतो, म्हणून फोटोसाठी वर सरकवलेला चष्मा निघण्याआधी खाली ओढा.

लेहच्या बाजारात हुबेहूब तोच गॉगल, तेच माशाचं कार्ड, ४०० रुपयांना टांगलेला दिसला. ४०० लाही घेऊ नका. निघण्याच्या महिनाभर आधी सेफ्टीचे दोन चष्मे घ्या आणि ते घालून सिंहगडावर किंवा जवळच्या घाटात दोन-तीनदा चढउतार करा. कानामागे दुखतं का, वाफ कुठे धरते, हे तिथेच कळेल, आणि बदलून घ्यायला दुकान तासाभराच्या अंतरावर असेल.