इनवर्डच्या शिक्क्याने मला वाचवलं

अपघातात माझा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातले उपचार संपले, कृत्रिम पाय बसला आणि मी सरकारी नोकरीवर परत रुजू झालो. तोवर आमचा विभाग पहिल्या मजल्यावर हलला होता. लिफ्ट नाही. फाइली घेऊन दिवसातून चार-पाचदा 22 पायऱ्या. रात्री डिचोलीला घरी पोचून पाय उतरवला की कातडी सोलून निघालेली असायची.

साहेबांना तोंडी सांगितलं. "बघूया" म्हणाले. आठ महिने तेच. मग माझ्या गोपनीय अहवालात, म्हणजे वरिष्ठ दरवर्षी कामाबद्दल लिहितात त्यात, शेरा पडला: कामात मंद, जागेवर सापडत नाही. आधीच्या अकरा वर्षांत असा एकही शेरा नव्हता. त्या रात्री मी खूप रडलो.

भेदभाव सिद्ध करायचा तर साहेबांच्या मनातला आकस दाखवावा लागेल, असं मला वाटायचं. तो कसा दाखवणार? आकस होता असं मला आजही वाटत नाही. ओळखीच्या एका वकील ताईंनी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा समोर ठेवला. त्यातल्या व्याख्येनुसार वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव. म्हणजे दाखवायचं एवढंच होतं की मी सोय मागितली आणि देता येत असून ती दिली नाही. "मागितल्याचा कागद कुठाय?" ताईंनी विचारलं. कागद नव्हता. आठ महिने हवेत गेले होते.

दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला: तळमजल्यावर टेबल द्या. सोबत दिव्यांगत्वाचा दाखला आणि जिना टाळावा अशी डॉक्टरांची चिठ्ठी. माझ्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज कार्यालयात पोचल्याचा, शिक्का मिळेपर्यंत तासभर उभा राहिलो. उत्तर आलं नाही, तेव्हा माहिती अधिकारात विचारलं: तळमजल्यावर किती टेबलं रिकामी आहेत? दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण केलंय का? कलम 23 चा तक्रार निवारण अधिकारी कोण? तीस दिवसांच्या आत उत्तर हातात पडलं. दोन टेबलं रिकामी, धोरण नाही, अधिकारी नेमलेला नाही. त्यांच्याच सहीचा कागद!

कधीकधी माझ्या फाइली वर आणून देणारी सहकारी मात्र लेखी द्यायला धजली नाही. तिच्यावर माझा राग नाही. तिलाही त्याच साहेबांच्या हाताखाली नोकरी करायची आहे.

हे सगळं तारीखवार लावून, जुन्या अहवालांच्या प्रती जोडून, पणजीला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही, हे कलम 20 मध्ये स्पष्ट आहे. तेवढ्या बळावर मी सुनावणीला न घाबरता बसलो. रिकाम्या टेबलांचं उत्तर वाचलं गेलं तेव्हा कार्यालयाकडून आलेल्यांना काही बोलता येईना. आयुक्तांनी सोय देण्याची शिफारस केली. त्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवणं कार्यालयाला बंधनकारक असतं.

दहाव्या आठवड्यात माझं टेबल खाली आलं, खिडकीजवळ. शेरा अजून तसाच आहे. तो काढण्यासाठी वेगळा अर्ज दिलाय, दोन प्रतींत, शिक्का घेऊन.