लुआंग प्रबांग: लाओ स्वयंपाक शिकायला जाणाऱ्यांसाठी

लाओसच्या लुआंग प्रबांग या जुन्या राजनगरीत स्वयंपाक शिकायला जाणार असाल, तर काय काय शिकवणार हे विचारल्याशिवाय कुठल्याही क्लासला आगाऊ पैसे देऊ नका. आम्ही पहिल्या दुपारी जिथे गेलो तिथे फलकावर 'राजवाड्यातलं जेवण' असं ठळक लिहिलं होतं. शिकवलं काय, तर पॅड थाय आणि नारळाच्या दुधातली हिरवी करी. दोन्ही पदार्थ थायलंडचे! पाडेकचा, म्हणजे लाओ घरांत मुरवतात त्या आंबवलेल्या माशांच्या रसाचा, थेंबही नाही. चिकट भात आयता आणलेला. सखान, म्हणजे इथल्या कालवणात घालतात ते लाकूड, का नाही म्हटल्यावर उत्तर आलं, "परदेशी लोकांना आवडत नाही." वर बाजारफेरीचे पैसे वेगळे लावले, आणि फेरी झालीच नाही.

राग जास्त आला, कारण राजवाड्यात काय शिजायचं याची लेखी नोंद आहे. फिया सिंग हे तिथले मुख्य आचारी. 1967 साली ते वारले, पण पाककृती वह्यांत लिहून ठेवून गेले. लाओसच्या युवराजांनी त्या वह्या 1974 मध्ये ब्रिटिश राजदूत ॲलन डेव्हिडसन यांना दिल्या. पुढच्याच वर्षी राजेशाही संपली. 1981 मध्ये त्या पाककृती इंग्लंडमध्ये छापून आल्या, म्हणून आज त्या कुणालाही वाचता येतात. हे सगळं हाताशी असताना त्या नावावर पॅड थाय खपवणं ही सरळ फसवणूक आहे.

पैसे खर्चायचेच तर टॅमरिंडमध्ये खर्चा. शेफ जॉय न्गुआमबूफा यांचं हे रेस्टॉरंट. भर इथल्या रोजच्या जेवणावर, आणि शिकवणं शहराबाहेरच्या बागेत, कोळशाच्या शेगडीवर. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला 'उआ सी खाय'वर. गवती चहाच्या जाड बुडख्याला दोन्ही टोकं शाबूत ठेवून सुरीच्या टोकाने उभ्या चिरा द्यायच्या, अगदी जवळजवळ. मग दोन्ही टोकं हलकेच आत दाबली की मधल्या पट्ट्या आकाशकंदिलासारख्या फुगतात. त्या पोकळीत कोंबडीचा मसालेदार खिमा भरायचा, अंड्यात बुडवून तळायचं. चीर टोकापर्यंत गेली की पट्ट्या सुटतात आणि खिमा तेलात. घाई करू नका, हे एकच सांगणं.

ओ लाम मात्र खाल्ल्याशिवाय शहर सोडू नका. या भागाची ओळख सांगणारं हे कालवण. सखान म्हणजे मिरीच्या कुळातल्या वेलीचं लाकूड, त्याचे तुकडे यात शिजतात. ते चावून रस घ्यायचा आणि चोथा टाकून द्यायचा. जीभ किंचित बधिर होते. दाटपणा येतो तो त्यातच उकडून, कुटून परत घातलेल्या वांग्यांमुळे. तुमच्या वाटीत लाकूड नसेल तर ते ओ लाम नाही, परत पाठवा.

आता रस्ता. कायपेन, म्हणजे नदीतलं शेवाळ तीळ, लसूण, टोमॅटो लावून वाळवलेले कागदासारखे पातळ पापड, कसे करतात ते बघायला आम्ही नाम ऊ नदीकाठच्या नोंग खियावला गेलो. अंतर साधारण 140 किलोमीटर. तिकीट देणारा म्हणाला, "तीन तास, रस्ता छान." साफ खोटं! वाटेतल्या पाक मोंग गावापर्यंत अवजड ट्रकांनी रस्त्याची चाळण केली आहे. खड्डा चुकवायला गाडी उलट्या बाजूने जाते आणि समोरून ट्रक येतो. व्हॅनमध्ये माणसं कोंबलेली, धुळीने घसा बसलेला, मागच्या सीटवरची एक मुलगी सतत ओकत होती. पुढची सीट मिळत नसेल तर त्या दिवशी जाऊच नका. मास्क आणि ओकारीची गोळी हवीच. पूर्वी बोटीने जाता यायचं, नाम ऊवर धरणं झाली आणि तो मार्ग बंद पडला. कंबर अजून दुखते आहे, पण काठावर ओळीने वाळत घातलेल्या त्या हिरव्या चौकटी बघण्यासाठी मी हा रस्ता पुन्हा सोसेन. जायचं तर थंडीत-उन्हाळ्यात. पावसाळ्यात नदी गढूळ असते, शेवाळ मिळत नाही.

शाकाहारी मंडळींनी भाजीतसुद्धा पाडेक असणार हे धरून चालावं. ऑर्डर देतानाच "बो साय पाडेक", म्हणजे पाडेक घालू नका, असं म्हणा. जेओ बोंग ही लाल चटणी दिसायला निरुपद्रवी असते, पण पारंपरिक कृतीत म्हशीची कातडी असते. चिकट भात आणि तळलेलं कायपेन यावर पोट भरतं.

राजधानी व्हिएनतियानहून येणारी रेल्वे 2021 च्या डिसेंबरपासून सुरू आहे आणि उत्तम आहे, दोनेक तासांत पोचवते. स्टेशन मात्र गावाबाहेर. एकट्यासाठी गाडी ठरवलीत तर वाटेल ते भाडं सांगतात, सरळ सामायिक व्हॅनमध्ये बसा. आणि बाजारातून सुरी घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. स्टेशनवर सामान तपासतात आणि सुरी, स्प्रेचे डबे काढून घेतात. बांबूची भाताची टोपली घ्या, तिला कुणी अडवत नाही.